एक भाषा, अनेक वाटा : चिनी भाषक आणि मोबाइलवरील विकिपीडिया

माहिती इंटरनेटवर उपलब्ध असली म्हणजे ती सर्वांपर्यंत पोहोचलीच, असे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात ग्रंथालयाच्या फडताळात असलेले पुस्तक आणि वाचकाच्या हातात पडलेले पुस्तक यांत जेवढे अंतर असते, तेवढेच अंतर जालावरील माहिती आणि तिचा वाचक यांच्यात असू शकते. वाचकाची लिपी, त्याच्या हातातील यंत्र आणि त्या यंत्राला जोडणारे जाळे या तीन गोष्टींवर हे अंतर अवलंबून असते. विकासाच्या अभ्यासात ज्याला ‘डिजिटल दरी’ म्हटले जाते, तिचा विचार बहुधा जोडण्यांची संख्या आणि दर यांपुरताच होतो. चिनी भाषेतील विकिपीडियाचे उदाहरण या विचाराला अधिक खोली देणारे आहे.

कोणालाही लिहिता येईल व वाचता येईल असा विकिपीडिया हा मुक्त ज्ञानकोश १५ जानेवारी २००१ रोजी इंग्रजीत सुरू झाला. चिनी आवृत्तीचे काम ऑक्टोबर २००२ पासून खऱ्या अर्थाने सुरू झाले. आज तीत १४ लाखांहून अधिक लेख आहेत. तैवान, हाँगकाँग, मकाव, सिंगापूर, मलेशिया, चीनची मुख्य भूमी आणि उत्तर अमेरिकेतील चिनी वस्त्या येथील लोक हा कोश लिहीत व वाचत आले आहेत. हे वाचक एकाच लिखित भाषेचे असले तरी त्यांची लिपी एक नाही, शब्द एक नाहीत आणि ते ज्या कायद्यांखाली राहतात ते कायदेही एक नाहीत. शिवाय, त्यांचे वाचन आता मुख्यतः मोबाइलवर होते. चीनमधील अधिकृत आकडेवारीनुसार जून २०१४ मध्येच मोबाइलवरून इंटरनेट वापरणाऱ्यांचे प्रमाण संगणकावरून वापरणाऱ्यांपेक्षा अधिक झाले होते. त्यामुळे या कोशाचा अनुभव कसा आहे, हे समजून घ्यायचे तर तो हातातील लहान पडद्यावर कसा दिसतो व कसा उघडतो, हे पाहावे लागते.

लिपीभेदाची पार्श्वभूमी

चिनी लेखनात अक्षरे ध्वनीची नव्हे, तर मुख्यतः अर्थाची खूण असतात. १९४९ नंतर साक्षरता वाढविण्याच्या हेतूने चीन सरकारने अक्षरांचे लेखन सोपे करण्याचे काम हाती घेतले. १९५६ मध्ये सरलीकरणाची योजना जाहीर झाली आणि १९६४ मध्ये २,२०० हून अधिक सरलीकृत अक्षरांची यादी प्रसिद्ध झाली. ‘शरीर’ या अर्थाचे अक्षर पारंपरिक पद्धतीत २३ रेषांनी लिहिले जाते, सरलीकृत पद्धतीत ते ७ रेषांत पूर्ण होते. यावरून या बदलाचे स्वरूप लक्षात येईल. सिंगापूरने १९७६ मध्ये ही यादी पूर्णपणे स्वीकारली. तैवान, हाँगकाँग व मकाव यांनी मात्र पारंपरिक अक्षरेच कायम ठेवली.

लिपीबरोबर शब्दही वेगळे होत गेले. राजकीय विभाजनाच्या काळात विज्ञान, संगणक, चित्रपट, परदेशी व्यक्तींची नावे अशा क्षेत्रांत प्रत्येक ठिकाणी स्वतंत्र शब्द घडले. संगणकाच्या ‘सॉफ्टवेअर’ला मुख्य भूमीवर ‘रुआनजिएन’ म्हणतात, तर तैवानमध्ये ‘रुआनथी’. अमेरिकेचे माजी अध्यक्ष ओबामा यांचे नाव मुख्य भूमीवर ‘आओबामा’, तर तैवानमध्ये ‘ओउबामा’ असे लिहिले जाते. भाड्याच्या मोटारीला मुख्य भूमीवर ‘छूझूछे’, तैवानमध्ये ‘जिछंगछे’, हाँगकाँगमध्ये ‘तिकसी’ म्हणतात आणि सिंगापूरचा शब्द आणखी वेगळा आहे. म्हणजे केवळ अक्षरे बदलून वाचकाची सोय होत नाही. शब्दही बदलावे लागतात.

एकच लेख, अनेक रूपे

सुरुवातीच्या काळात या कोशात एकाच विषयावर सरलीकृत व पारंपरिक असे दोन लेख वेगवेगळे लिहिले जात. ही स्थिती चालू राहिली असती तर कोशाची दोन भागांत फाळणी झाली असती आणि दोन्ही भाग दुबळे राहिले असते. २००५ च्या सुमारास आलेल्या स्वयंचलित रूपांतर प्रणालीने हा धोका टळला. लेखक आपल्या सवयीच्या अक्षरांत लिहितो, मजकूर तसाच साठवला जातो, आणि वाचक लेख उघडतो तेव्हा सर्व्हर त्याने निवडलेल्या रूपात तो बदलून दाखवतो. मुख्य भूमी, तैवान, हाँगकाँग, मकाव, सिंगापूर व मलेशिया असे सहा प्रादेशिक पर्याय वाचकापुढे असतात.

हे रूपांतर वाटते तितके सोपे नाही. पारंपरिक अक्षरांकडून सरलीकृत अक्षरांकडे जाणे तुलनेने सुकर आहे, कारण सरलीकरणात अनेक जुनी अक्षरे एकाच नव्या अक्षरात विलीन झाली. उलट प्रवासात अडचण येते. सरलीकृत लिपीतील ‘फा’ हे अक्षर दोन पारंपरिक अक्षरांच्या जागी येते. ‘फाझान’ म्हणजे विकास या शब्दात त्याचे मूळ अक्षर ‘बाहेर पडणे, उगवणे’ या अर्थाचे आहे, तर ‘थौफा’ म्हणजे केस या शब्दात ते ‘केस’ या अर्थाचे वेगळेच अक्षर आहे. त्याचप्रमाणे ‘हौ’ हे सरलीकृत अक्षर ‘नंतर’ आणि ‘सम्राज्ञी’ या दोन्ही अर्थांसाठी वापरले जाते. एकेक अक्षर पाहून यंत्राला निर्णय करता येत नाही.

म्हणून प्रणालीत संपूर्ण शब्दांच्या तक्त्यांचा उपयोग केला जातो. मजकुरात सर्वांत लांब जुळणारा शब्द आधी शोधला जातो आणि तो न सापडल्यास एकेका अक्षराचा विचार होतो. चिनी लेखनात शब्दांमध्ये मोकळी जागा सोडण्याची पद्धत नसल्याने दोन शब्दांच्या सांध्यावर भलताच शब्द जुळण्याची शक्यता राहते. अशा ठिकाणी लेखक विशेष चिन्हे घालून ‘येथे रूपांतर करू नये’ किंवा ‘येथे अमुकच शब्द वापरावा’ अशी सूचना देतात. संगणक, चित्रपट अशा विषयांसाठी सदस्यांनी सामाईक शब्दगटही तयार केले असून संबंधित लेखांना ते एकत्रितपणे लागू करता येतात. तंत्रज्ञान आणि स्वयंसेवकांचे भाषाज्ञान यांच्या सहकार्यातून उभी राहिलेली ही व्यवस्था या कोशाचा कणा आहे.

लहान पडद्यावरील अनुभव

मोबाइलवर या व्यवस्थेची परीक्षा होते. वापरकर्त्याच्या दृष्टीने पुढील बाबी महत्त्वाच्या ठरतात.

पहिली बाब रूप निवडण्याची. संगणकावर लेखाच्या माथ्याशीच दिसणारा प्रादेशिक पर्याय मोबाइलच्या आटोपशीर मांडणीत भाषांच्या यादीत दडतो. नवख्या वाचकाला तो सहज सापडत नाही. शिवाय निवडलेले रूप पानाच्या पत्त्यातही नोंदले जाऊ शकते. तैवानमधील वाचकाने असा दुवा सिंगापूरमधील मित्राला पाठविला, तर मित्रापुढे लेख तैवानच्या रूपात उघडतो. संगणकावर ही गैरसोय किरकोळ वाटते, पण संदेशांतून दुवे पाठविणे हाच मोबाइलवरील वाचनाचा मुख्य मार्ग असल्याने ती वारंवार जाणवते.

दुसरी बाब अक्षरांच्या दाटीची. वीस-बावीस रेषांचे पारंपरिक अक्षर लहान टंकात काळ्या ठिपक्यासारखे दिसू लागते. अक्षर मोठे केले तर एका पडद्यावर मावणारा मजकूर कमी होतो. जागतिक अक्षरसंकेत असलेल्या युनिकोडमध्ये चीन, तैवान व जपान येथील काही अक्षरांना एकच क्रमांक दिलेला आहे, मात्र त्यांच्या वळणात स्थानिक फरक असतात. पानाची भाषा यंत्राला नीट सांगितली गेली नाही किंवा फोनमध्ये योग्य टंक नसला, तर वाचकाला अक्षर ओळखीचे पण वळण परके दिसते.

तिसरी बाब मांडणीची. मोबाइल आवृत्तीत लेखाचे विभाग मिटलेले असतात व वाचक हवा तो विभाग उघडतो. त्यामुळे लेखाच्या पहिल्या परिच्छेदाला विशेष महत्त्व येते. लेखाच्या तळाशी संबंधित लेखांची जी चौकट असते, ती मोबाइलवर दाखविलीच जात नाही. एका लेखावरून दुसऱ्या लेखाकडे नेणारी मोठी वाट अशा रीतीने बंद होते. रुंद तक्ते आडवे सरकवत वाचावे लागतात.

चौथी बाब लेखनाची. मुख्य भूमीवरील बहुतेक लोक रोमन अक्षरांवर आधारित ‘पिनयिन’ पद्धतीने टंकलेखन करतात. तैवानमध्ये ३७ चिन्हांची ‘झुयिन’ पद्धत रूढ आहे. हाँगकाँगमध्ये अक्षराच्या घटकांवर आधारलेल्या पद्धती वापरल्या जातात, तसेच पडद्यावर बोटाने अक्षर लिहिण्याची सवयही अनेकांना आहे. प्रत्येक पद्धतीत फोन समान उच्चाराच्या किंवा जवळच्या आकाराच्या अक्षरांची यादी देतो व त्यातून निवड करावी लागते. छोटा संदेश लिहिण्यास हे पुरेसे असले तरी संदर्भांसह लेख लिहिणे कष्टाचे होते. संपादनाची चौकट उघडली की आणखी एक अडथळा समोर येतो. वाचताना सरलीकृत दिसणारा लेख संपादनाच्या वेळी मूळ लेखकांनी लिहिला तसा, म्हणजे कोठे सरलीकृत तर कोठे पारंपरिक अक्षरांत, समोर येतो. वाचकाला लेखक बनविणे हे या कोशाचे मूळ तत्त्व आहे आणि मोबाइल वाचनाला अनुकूल असला तरी लेखनाला तितका अनुकूल नाही.

प्रवेशाचा प्रश्न

वरील अडचणी तंत्रज्ञानाने कमी करता येतात. चीनच्या मुख्य भूमीवरील वापरकर्त्यापुढील अडचण वेगळ्या स्वरूपाची आहे. तेथे विकिपीडियावर जून २००४ मध्ये प्रथम बंदी आली. १९ ऑक्टोबर २००५ पासून सुरू झालेली बंदी सुमारे वर्षभर टिकली. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकच्या सुमारास कोश बऱ्याच अंशी खुला झाला, मात्र राजकीयदृष्ट्या संवेदनशील पाने अडविली जात होती. मे २०१५ मध्ये चिनी आवृत्ती पुन्हा बंद करण्यात आली आणि एप्रिल २०१९ पासून विकिपीडियाच्या सर्व भाषांतील आवृत्त्या मुख्य भूमीवर अडविल्या गेल्या. हाँगकाँग व मकाव येथे ही बंदी लागू नाही.

या घटनाक्रमात एक तांत्रिक बाब समजून घेण्याजोगी आहे. पूर्वी वाचक व सर्व्हर यांच्यातील देवाणघेवाण उघड स्वरूपात होत असे. त्यामुळे मधल्या यंत्रणेला वाचक कोणते पान मागतो आहे हे दिसे व तेवढेच पान अडविता येई. जून २०१५ मध्ये विकिमीडिया फाउंडेशनने आपल्या सर्व संकेतस्थळांसाठी ‘एचटीटीपीएस’ हा सांकेतिक मार्ग अनिवार्य करण्याचे जाहीर केले. या मार्गात कोणते संकेतस्थळ उघडले जात आहे हे कळते, परंतु कोणता लेख वाचला जात आहे हे कळत नाही. वाचकाची गोपनीयता त्यामुळे सुरक्षित झाली. दुसऱ्या बाजूने, नियंत्रकापुढे संपूर्ण संकेतस्थळ खुले ठेवणे अथवा संपूर्ण बंद करणे एवढेच पर्याय उरले. संरक्षणाचे साधन आणि बंदीची व्याप्ती यांचा असा संबंध माहिती धोरणाच्या अभ्यासकाने ध्यानात ठेवला पाहिजे.

मुख्य भूमीवरील काही लोक ‘व्हीपीएन’ म्हणजे आभासी खासगी जाळ्याच्या साहाय्याने कोशापर्यंत पोहोचतात. मोबाइलवर हा मार्गही अरुंद झाला आहे. २०१७ मध्ये ॲपल कंपनीने चीनमधील आपल्या भांडारातून अशी अनेक उपयोजने काढून टाकली. जो वाचक हा अडथळा पार करतो त्याला लेखनाच्या वेळी दुसरे कुलूप आढळते. खोडसाळपणा रोखण्यासाठी विकिपीडिया अशा मध्यस्थ पत्त्यांवरून संपादन करू देत नाही. त्यासाठी सदस्याला विशेष सवलत मागावी लागते. एका दारावर सरकारचे कुलूप आणि दुसऱ्या दारावर कोशाच्याच नियमाचे कुलूप अशी ही स्थिती आहे. संपूर्ण कोश फोनमध्ये साठवून जोडणीविना वाचण्याची सोय ‘किविक्स’सारख्या उपयोजनाने केली आहे, पण ती वाचनापुरतीच मर्यादित आहे.

वाचक घटले की लेखकही घटतात

२००५ च्या बंदीचा परिणाम अर्थशास्त्रज्ञांनी तपासला आहे. शियाओक्वान झांग व फेंग झू यांचा या विषयावरील शोधनिबंध २०११ मध्ये ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. बंदी मुख्य भूमीवर होती, परंतु तैवान, हाँगकाँग, सिंगापूर व अन्यत्र राहणाऱ्या लेखकांवर तिचा थेट परिणाम होण्याचे कारण नव्हते. त्यांना पूर्वीप्रमाणेच लिहिता येत होते. तरीही त्यांचे योगदान सरासरी ४२.८ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. ज्यांना इतर सदस्यांशी होणाऱ्या संवादाचे मोल अधिक वाटत होते, त्यांच्या योगदानात अधिक घट झाली.

सार्वजनिक वस्तूंविषयीच्या अर्थशास्त्रात असे मानले जाते की, गट मोठा झाला की प्रत्येकाला दुसऱ्याच्या श्रमावर विसंबण्याचा मोह होतो. या अभ्यासात त्याच्या उलट चित्र दिसले. आपले लेखन अनेकांच्या उपयोगी पडते, हे समाधानच विनामोबदला लिहिणाऱ्याची प्रेरणा असते. वाचकांचा मोठा समुदाय नाहीसा झाला आणि ती प्रेरणा ओसरली. एका प्रदेशातील बंदीचे नुकसान त्या प्रदेशापुरते राहिले नाही. तैवानमधील वाचकाला फोनवर जो लेख मिळाला असता, तोही त्यामुळे लिहिला गेला नाही.

मुख्य भूमीवर ही जागा देशी कोशांनी भरून काढली. ‘हुदोंग’ २००५ मध्ये, तर ‘बायदू बायके’ एप्रिल २००६ मध्ये सुरू झाला. बायदू बायकेतील लेखांची संख्या चिनी विकिपीडियापेक्षा कितीतरी अधिक आहे आणि तेथील शोधयंत्राशी जोडलेला असल्याने तो मोबाइलवर तत्काळ उघडतो. केवळ गती व सुलभता पाहिली तर मुख्य भूमीवरील वापरकर्त्याचा अनुभव तेथे अधिक सुखद आहे. मात्र त्यात केलेला बदल तपासणीनंतरच प्रसिद्ध होतो, तेथील मजकूर मुक्त परवान्याखाली नाही आणि तो देशाच्या प्रकाशन नियमांच्या चौकटीत राहतो. सुलभता आणि मोकळीक या दोन वेगळ्या कसोट्या आहेत, हे या तुलनेवरून दिसते. स्वतः विकिपीडियाही वादांपासून मुक्त राहिला नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये सदस्यांच्या सुरक्षिततेविषयी गंभीर चिंता निर्माण झाल्याने विकिमीडिया फाउंडेशनने मुख्य भूमीशी संबंधित ७ सदस्यांवर बंदी घातली व १२ जणांचे प्रचालकाचे अधिकार काढून घेतले.

भारताच्या संदर्भात

भारतातही एक भाषा व अनेक लिपी अशी स्थिती आढळते. १९६७ मध्ये २१ व्या घटनादुरुस्तीने आठव्या अनुसूचीत आलेली सिंधी अरबी व देवनागरी या दोन्ही लिपींत लिहिली जाते. १९९२ मध्ये ७१ व्या घटनादुरुस्तीने समाविष्ट झालेल्या कोकणीचे लेखन देवनागरी, रोमन व कन्नड लिपींत होते. गोव्याच्या १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरीतील कोकणीला राजभाषेचे स्थान दिले असले तरी रोमन लिपीत वाचणारा वर्ग मोठा आहे. २०१५ मध्ये सुरू झालेल्या कोकणी विकिपीडियात एकाहून अधिक लिपींतील लेख शेजारी शेजारी नांदतात. पंजाबीचे गुरुमुखी व शाहमुखी असे दोन स्वतंत्र विकिपीडिया आहेत. चिनी आवृत्तीने टाळलेली फाळणी तेथे झालेली दिसते.

या दिशेने भारताने मूलभूत काम फार पूर्वी केले होते. १९९१ च्या ‘इस्की’ या भारतीय मानकात ब्राह्मीपासून उगम पावलेल्या लिपींतील समान अक्षरांना समान संकेत दिले होते. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक संस्थेच्या ‘जिस्ट’ तंत्रज्ञानाचा तो पाया होता. चिनी अनुभवावरून मात्र हेही दिसते की, अक्षराला अक्षर जुळविणे ही केवळ पहिली पायरी आहे. शब्दांचे तक्ते, प्रादेशिक रूपांची जाण आणि ते सतत सुधारणारे लोक यांच्याशिवाय रूपांतर वाचनीय होत नाही. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियासह सर्व भारतीय आवृत्त्यांना हा धडा उपयुक्त आहे, कारण त्यांचाही नवा वाचक प्रामुख्याने मोबाइलवरच आहे.

जाळ्यावरील नियंत्रणाबाबत भारतातील चौकट कायद्याने आखलेली आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधील कलम ६९अ व त्याखालील २००९ चे नियम संकेतस्थळ अडविण्याची कारणे व कार्यपद्धती निश्चित करतात. सर्वोच्च न्यायालयाने श्रेया सिंघल प्रकरणात २०१५ मध्ये कलम ६६अ रद्द ठरविताना कलम ६९अ मात्र त्यातील कार्यपद्धतीविषयक तरतुदींचा विचार करून वैध ठरविले.

समारोप

चिनी भाषकांच्या या कोशाने लिपीचा प्रश्न जवळपास सोडविला, यंत्राचा प्रश्न काही अंशी सोडविला आणि जाळ्याचा प्रश्न त्याच्या आवाक्याबाहेरच राहिला. सहा प्रदेशांच्या वाचकांना एका लेखाभोवती आणणारी प्रणाली तंत्रज्ञांनी व भाषाप्रेमींनी घडविली. त्या वाचकांपैकी सर्वांत मोठा समूह दूर झाला तेव्हा उरलेल्यांचे लेखनही मंदावले. ज्ञानाच्या प्रसारासाठी तारा व मनोरे जितके आवश्यक आहेत, तितकेच लिपीचे मानक, शब्दांची जुळणी आणि वाचनाची मोकळीक आवश्यक आहे. डिजिटल दरीचे मोजमाप करताना जोडण्यांच्या संख्येबरोबर या तिन्ही गोष्टींची नोंद घेतली, तरच ते मोजमाप पूर्ण होईल.

सरावासाठी प्रश्न

१. ‘माहितीची उपलब्धता म्हणजे माहितीची पोहोच नव्हे.’ चिनी विकिपीडियाच्या आधारे चर्चा करा.

२. सांकेतिक मार्गामुळे वाचकाची गोपनीयता आणि बंदीची व्याप्ती या दोहोंवर काय परिणाम झाला, ते स्पष्ट करा.

३. एकाहून अधिक लिपी असलेल्या भारतीय भाषांसाठी स्वयंचलित रूपांतराच्या शक्यता व मर्यादा सोदाहरण लिहा.